‘पिशवीला रक्तपुरवठा कमी’: एक प्रकरण, तीन ट्रान्सफर

ही हकीकत मधुरा आणि अभिजित यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं, राहण्याची ठिकाणं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मधुरा पेशंट म्हणून माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा जून संपत आला होता. भांडुपहून परळला यायला तिला दीड तास लागला, कारण गर्दीच्या दोन लोकल तिने मुद्दाम सोडून दिल्या होत्या. तेव्हा तिला दिवस गेलेले नव्हते. तरीही पोटाला धक्का लागेल ही भीती अंगात मुरली होती. सोबत नवरा अभिजित, सासूबाई आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड फाइल.

वय ३७, लग्नाला आठ वर्षं. पाळी नियमित, नळ्या मोकळ्या. अडचण अभिजितच्या शुक्राणूंची होती. संख्या फारच कमी. म्हणून वर्षभरापूर्वी एका केंद्रात आयव्हीएफ झालं. अकरा स्त्रीबीजं मिळाली, इक्सी करून (एकेका बीजात एकेक शुक्राणू टोचून) त्यातून चार ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढवलेले भ्रूण, तयार झाले आणि चारही गोठवले.

सासूबाई मूळच्या चिपळूणकडच्या, लग्नानंतर लालबागला आलेल्या. या उपचारांना त्यांचा विरोध असेल असं मी गृहीत धरलं होतं, ते साफ चुकलं. भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्टट्यूब बेबी १९८६ च्या ऑगस्टमध्ये केईएममध्ये जन्मली, ती बातमी त्यांना आठवत होती. ‘आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर झालं ते,’ म्हणाल्या. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. मधुरा रोज लोकलने फोर्टला जाते, पूल चढते-उतरते, म्हणून गर्भ पडला का?

पहिलं ट्रान्सफर (भ्रूण वितळवून गर्भाशयात ठेवणं) गोळ्यांच्या सायकलमध्ये झालं होतं, म्हणजे इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तर तयार करून. बीटा, म्हणजे रक्तातल्या गर्भारपणाच्या हार्मोनचा आकडा, चांगला आला, अठ्ठेचाळीस तासांत दुपटीच्या वर गेला. सातव्या आठवड्यात गर्भाची लांबी ८ मिलिमीटर भरली, पण ठोके नव्हते. आठवड्याने पुन्हा पाहिलं, तेच. क्युरेटिंग (गर्भाशय आतून साफ करणं) झालं.

अडचण

फाइलमध्ये दोन कागद महत्त्वाचे होते. पहिला क्युरेटिंगनंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. ऊती फॉर्मेलिनमध्ये पाठवलेली, निष्कर्ष ‘गर्भाचे अवशेष’. म्हणजे गर्भ होता एवढंच कळलं, जे आधीच माहीत होतं. फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात, मग त्या वाढवून गुणसूत्रं तपासता येत नाहीत. लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपातांत मुळात गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते, आणि नेमकं तेच पाहायचं राहून गेलं होतं.

दुसरा कागद कलर डॉप्लरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा. क्युरेटिंगनंतर पाच आठवड्यांनी काढलेला. गर्भाशयाच्या उजव्या धमनीचा पीआय (प्रवाहातल्या अडथळ्याचा आकडा) ३.३, डाव्या बाजूचा ३.१. खाली ठळक अक्षरांत शेरा: उच्च अवरोध, गर्भाशयाला रक्तपुरवठा कमी. त्याला जोडून पाच गोष्टींची चिठ्ठी: ॲस्पिरिन, पोटावर रोज रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचं इंजेक्शन, सिल्डेनाफिल, आर्जिनिन या अमिनो ॲसिडची पावडर आणि पुढच्या ट्रान्सफरआधी गर्भाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव).

मधुराने तो शेरा तोंडपाठ केला होता. ‘माझ्या पिशवीला रक्तच पोचत नाही, मॅडम. बाळ उपाशी गेलं.’

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. आकड्याने तिला एक कारण दिलं होतं, आणि त्या कारणात दोष तिच्या शरीराचा होता.

तो आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक मुख्य धमनी असते. डॉप्लरमध्ये तिच्यातल्या रक्ताचा वेग दिसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात वेग वर जातो, मग खाली येतो. वरच्या आणि खालच्या वेगातला फरक भागिले सरासरी वेग, म्हणजे पल्सॅटिलिटी इंडेक्स, पीआय. पुढच्या बारीक वाहिन्यांत अडथळा जितका जास्त, तितका पीआय मोठा. रक्त किती मिलिलिटर पोचलं हे तो मोजत नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असं दिसलं की ट्रान्सफरच्या वेळी पीआय ३ च्या वर असेल तर गर्भ रुजण्याचं प्रमाण कमी असतं. तेव्हापासून ३ हा आकडा कानावर पडतो. पण मधुराचा गर्भ रुजला होता. बीटा वाढला होता. रुजणं आणि रुजलेलं टिकणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचा आकडा उचलून दुसऱ्या पायरीला लावला गेला होता, तोही पाळीच्या नवव्या दिवशी काढलेला. पीआय पाळीच्या दिवसांप्रमाणे बदलतो. बीज सुटल्यानंतरच्या आठवड्यात, म्हणजे गर्भ रुजण्याच्या काळात, तो साधारण खाली येतो. रिपोर्टवर पाळीचा दिवसच लिहिलेला नव्हता. मधुराला विचारून तो मी काढला.

याहून मोठी गोष्ट अशी, की पहिल्या आठ-दहा आठवड्यांत आईचं रक्त वारेच्या पोकळीत मोकळेपणाने वाहतच नाही. गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांच्या तोंडात शिरतात आणि बुचासारख्या बसतात. त्यातून रक्तातला पातळ भाग तेवढा झिरपतो. गर्भाचं पोषण तेव्हा मुख्यतः अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर चालतं, आणि आजूबाजूला ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण इतक्या कोवळ्या पेशींना तो झेपत नाही. दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ही बुचं हळूहळू सुटतात, कडेकडेने आधी. जिथे ती फार लवकर आणि सगळीकडे एकदम सुटतात, तिथे गर्भपात होताना दिसतो. म्हणजे सातव्या आठवड्यातल्या गर्भाला ‘अजून रक्त’ हवं असतं ही समजूतच उलटी आहे.

हे मी कागदावर चित्र काढून सांगितलं. मधुरा गप्प होती. सासूबाईच म्हणाल्या, ‘रोप वर यायच्या आधी वाफ्यात पाणी साचलं तर बी कुजतं. लावणीनंतर पाणी लागतं.’ मी पुढे बऱ्याच जणींना हे असंच समजावलं आहे.

पर्याय

सिल्डेनाफिल मी सरळ बाजूला ठेवलं. रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध म्हणून ते आकर्षक वाटतं. पण गर्भाची वाढ खुंटलेल्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये झालेली त्याची चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली. औषध घेतलेल्या गटातली काही नवजात बाळं फुफ्फुसांच्या रक्तदाबाच्या तक्रारीने दगावली. ती चाचणी गर्भारपणाच्या पुढच्या काळातली होती, मधुराची परिस्थिती वेगळी होती, हे खरं. पण ज्या त्रासावर औषधाचा उपयोग सिद्ध नाही, त्यासाठी अशी शंका जवळ करायची नाही, असं माझं मत आहे. आर्जिनिन आणि पीआरपीबद्दलही तेच. फायद्याचा भक्कम पुरावा नाही, खर्च मात्र घसघशीत.

ॲस्पिरिन आणि हेपॅरिनचा विचार जास्त वेळ केला. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीरातल्या प्रतिपिंडांमुळे रक्त गोठण्याचा आजार, असेल तर ही जोडी खरोखर गर्भ वाचवते. म्हणून ती तपासणी हवीच. पण तो आजार नसताना, नुसते गर्भपात झालेत म्हणून ही औषधं दिली तर फायदा होत नाही, हे २०१० पासूनच्या चांगल्या चाचण्यांत दिसलं आहे. शिवाय रक्त पातळ केलेल्या स्त्रीला आठव्या आठवड्यात डाग गेले, तर ते औषधाने की गर्भामुळे, हे सांगणं अवघड होतं.

झोपून राहणं हा पर्याय घरच्यांनी सुचवला. त्याने गर्भ टिकत नाही. उलट गुठळ्यांचा धोका, पाठदुखी आणि छताकडे बघत मोजलेले दिवस वाट्याला येतात.

सायकलची निवड हा मुद्दा चिठ्ठीत नव्हताच, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. गोळ्यांच्या सायकलमध्ये बीज सुटत नाही, त्यामुळे अंडाशयात पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी बनणारी ग्रंथी) तयार होत नाही. तो प्रोजेस्टेरॉन तर देतोच, पण आईच्या रक्तवाहिन्यांना गर्भारपणासाठी तयार करणारी इतर द्रव्यंही देतो. गोळ्यांच्या सायकलनंतर रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त आढळतं, लवकरचे गर्भपातही जास्त दिसतात. मधुराची पाळी नियमित होती. नैसर्गिक सायकल तिला सहज शक्य होती.

राहिली भ्रूणांची गुणसूत्र तपासणी, पीजीटी-ए. गर्भपाताचा धोका ट्रान्सफरच्या दिवशीच्या वयावर नाही, बीज काढलं त्या वयावर ठरतो. मधुराच्या बाबतीत ३६. त्या वयाच्या ब्लास्टोसिस्टपैकी सुमारे एक तृतीयांशांत गुणसूत्रं चुकलेली असतात. पण गोठवलेले भ्रूण वितळवायचे, पेशी काढायच्या, पुन्हा गोठवायचे, यात एखादा गमवायचीही शक्यता. तीनच उरले होते. एका गर्भपातानंतर मी हा पर्याय दोन मिनिटांत उरकला. यावर पुढे येईन.

काय केलं

अँटिफॉस्फोलिपिडच्या तिन्ही तपासण्या केल्या, सगळ्या निगेटिव्ह. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ६.४, म्हणजे जास्त होता, थायरॉक्सिन सुरू करून दोन महिन्यांत २.१ वर आणला. दुर्बिणीतून गर्भाशय पाहिलं, आतून स्वच्छ. अस्तराचा तुकडा टीबीसाठी पाठवला. मुंबईत हे वगळता येत नाही. तोही निगेटिव्ह.

आणि मी डॉप्लर पुन्हा करायला सांगितलं, बीज सुटल्यानंतर सातव्या दिवशी. आकडे आले २.४ आणि २.६. मधुरा ढसाढसा रडली, सुटल्यासारखी. मलाही बरं वाटलं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही की मी तिची त्या आकड्यावरची श्रद्धा मोडली नव्हती, फक्त आकडा बदलून दिला होता.

दुसरं ट्रान्सफर ऑक्टोबरमध्ये, नैसर्गिक सायकलमध्ये. प्रोजेस्टेरॉनच्या योनिमार्गातल्या गोळ्या, थायरॉक्सिन, फॉलिक ॲसिड. बाकी काही नाही. ती कामावर जात राहिली. बीटा चांगला. सहा आठवडे चार दिवसांना ठोके दिसले, मिनिटाला ११८.

सात आठवडे तीन दिवसांना डाग गेले. रात्री साडेअकराला अभिजितचा फोन आला. सकाळी सोनोग्राफीत ठोके होते, गर्भाभोवतीच्या पिशवीच्या कडेला लहानशी रक्ताची गाठ होती. आयव्हीएफनंतर अशी गाठ तशी बऱ्याचदा दिसते. इथे दुसरा निर्णयबिंदू आला. अभिजितने जुनी चिठ्ठी पुढे केली: ‘आता तरी हेपॅरिन सुरू करू या का?’ रक्तस्राव चालू असताना रक्त पातळ करणं मला चुकीचं वाटलं, तसं स्पष्ट सांगितलं. प्रोजेस्टेरॉन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा केलं. आधी गर्भपात झालेला असेल आणि आता रक्तस्राव होत असेल, अशा स्त्रियांना याचा काहीसा उपयोग होतो. ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीतून २०१९ मध्ये तसं सुचलं, आणि २०२१ पासून तिथल्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे.

आठ आठवडे पाच दिवसांना ठोके थांबलेले होते.

पडद्याकडे पाहून मला कळलं, पण मी प्रोब काढला नाही. पूर्ण मिनिटभर पाहिलं, दुसऱ्या सहकाऱ्यालाही बोलावलं. मग पडदा मधुराकडे वळवला. ती एवढंच म्हणाली, ‘रक्त पोचलं नाही ना?’

दुसऱ्या गर्भपाताच्या वेळचा निर्णय

गोळ्या देऊन घरी होऊ द्यायचं की दवाखान्यात सक्शन करायचं, दोन्ही मार्ग सुरक्षित होते. घरी झालं तर ऊती हाती लागेलच असं नाही. त्या अवस्थेत कुणाला हे सांगणं क्रूर वाटतं. तरी मी सांगितलं, की यावेळी कारण शोधायचं असेल तर ऊती निर्जंतुक सलाइनमध्ये, त्याच दिवशी जेनेटिक लॅबला गेली पाहिजे. दोघांनी सक्शन निवडलं. थिएटरच्या सिस्टरला मी स्वतः जाऊन सांगितलं: फॉर्मेलिन नाही. तिच्या हातात सवयीने फॉर्मेलिनची बाटली आधीच होती.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. गुणसूत्र १६ च्या दोनऐवजी तीन प्रती. गर्भपातांत सर्वांत जास्त आढळणारी ट्रायसोमी हीच. स्त्रीबीज तयार होताना होणारी चूक, बीज शरीराबाहेर काढण्याआधीच घडून गेलेली. कोणत्याही धमनीचा, कोणत्याही लोकलचा, दादरच्या कोणत्याही पुलाचा तिच्याशी संबंध नव्हता.

हा रिपोर्ट मी सासूबाईंनाही बोलावून समजावला. त्या मधुराच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. ‘मी तुला उगीच बोलले गं.’ पहिल्या गर्भाचं कारण कायमचं अज्ञात राहणार होतं, हे मी लपवलं नाही.

तिसरं ट्रान्सफर

आता पीजीटी-एची चर्चा तासभर चालली. दोन भ्रूण उरले होते. तपासणीने भ्रूण सुधारत नाहीत, चुकलेला असेल तर एक गर्भपात आणि काही महिने वाचतात, हे मी सांगितलं. माझा कल तपासणीकडे होता आणि तेही बोलून दाखवलं. मधुरा म्हणाली, ‘दोन्ही खराब आहेत असं कळलं तर मला पुन्हा उभं राहता येणार नाही. एकेक करून जाऊ.’ निर्णय त्यांचा होता, आणि विचार करून घेतलेला होता.

मार्चमध्ये, पुन्हा नैसर्गिक सायकलमध्ये, तिसरा भ्रूण ठेवला. या वेळी ट्रान्सफरआधी डॉप्लर केलं नाही. मधुराने विचारलं. मी म्हणाले, ‘आकडा काहीही आला तरी मी उपचार बदलणार नाही. मग कशाला काढायचा?’ तिला ते पटलं, निदान ती हो म्हणाली. सहाव्या आठवड्यात ठोके, आठव्यात ठोके, दहाव्यात हातपाय हलवणारं बाळ.

बाराव्या आठवड्यात मात्र मी स्वतः डॉप्लर मागितलं. आता बुचं सुटलेली असतात, वारेच्या पेशींनी नागमोडी धमन्या रुंद केलेल्या असायला हव्यात, आणि तसं झालं नसेल तर मुख्य धमनीचा पीआय ते सांगतो. रक्तदाब आणि रक्तातलं वारेचं एक द्रव्य यांच्या जोडीला तो घेतला तर प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजाराचा, धोका बराच नीट वर्तवता येतो. मधुराचा सरासरी पीआय २.५ आला, त्या आठवड्यांसाठी जास्त. एकूण धोका ६२ मध्ये १, म्हणजे १०० मध्ये १ या सीमेच्या वर. ॲस्पिरिन सुरू केलं, रोज रात्री १५० मिलिग्रॅम. धोका जास्त असलेल्या स्त्रियांत ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया याने निम्म्याहून खाली येतो, हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

तेच यंत्र, तीच धमनी, चिठ्ठीतलं तेच ॲस्पिरिन. मधुराने विचारलंच: ‘मग आधी का नाही दिलंत?’ मी पुन्हा तेच चित्र काढलं, या वेळी बुचं सुटल्यानंतरचं. सासूबाई शेजारून म्हणाल्या, ‘लावणी झाली आता.’

परिणाम

छत्तिसाव्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे ॲस्पिरिन बंद केलं. त्याच आठवड्यात रक्तदाब १४०/९० ला पोचला. लघवीत प्रथिनं नव्हती. रक्तदाबाचं औषध लॅबेटॅलॉल दिलं, दिवसाआड तपासलं. सदतीस आठवडे दोन दिवसांना कळा सुरू करून दिल्या, चौदा तासांनी मुलगी झाली. वजन २ किलो ५४० ग्रॅम, जन्मताच मोठ्याने रडली. मधुराचा रक्तदाब तीन आठवड्यांत उतरला.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरं डॉप्लर मी करायला नको होतं. पहिल्या भेटीतच ‘हा आकडा आपण बाजूला ठेवू’ म्हणायचं धैर्य दाखवायला हवं होतं. मी चांगला आकडा मिळवून तिला धीर दिला, आणि म्हणूनच दुसऱ्या गर्भपाताच्या क्षणी तिच्या तोंडून पुन्हा रक्तपुरवठ्याचाच प्रश्न आला.

पीजीटी-एबद्दल दुसऱ्या ट्रान्सफरआधी नीट बोलायला हवं होतं. तेव्हा तीन भ्रूण होते, मनही कमी थकलेलं होतं. कदाचित त्यांनी तेव्हाही नाही म्हटलं असतं. पण विचार करायला त्यांना दोन मिनिटं मिळाली, तासभर नाही.

वयाप्रमाणे गर्भपाताची शक्यता किती, हे ट्रान्सफरआधी सांगितलं नाही, घाबरेल म्हणून. नंतर मधुरानेच सांगितलं, की आधी कळलं असतं तर दोष स्वतःत शोधत बसले नसते.

सासूबाईंशी मी पहिल्या दिवशी बोलले, मग थेट रिपोर्ट आल्यावर. मधल्या काळात घरात लोकलवरून रोज बोलणं होत होतं, ते मला माहीतच नव्हतं. आता ट्रान्सफरआधीच्या भेटीला घरातल्या मोठ्या माणसालाही बोलावते.

आणि थिएटरमध्ये फॉर्मेलिनच्या बाटलीशेजारी सलाइनची निर्जंतुक बाटली आता कायम असते. तिच्यावर सिस्टरनेच मराठीत चिकटपट्टी लावली आहे: ‘आधी विचारा’.